सातव्या पिंपातली पट्टी

१

पिंप नुसतं रिकामं नव्हतं, धुतलेलं होतं.

भाच्याने फोनवर पंधरा मिनिटं आरडाओरडा केला होता, पण मामांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच वाक्य. चोर धुऊन जात नाही. जाळपोळ करणारा केर काढत नाही. मामांनी चोऱ्यांच्या तपासात एकतीस वर्षं घालवली होती आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी कानावर काही विसंगत पडलं की त्यांच्या मनात पाल चुकचुकायचीच.

खात्यातही सगळे त्यांना मामाच म्हणायचे. त्यांना 'मामा बनवायला' निघालेले बरेच जण पुढे गजाआड बसून त्या शब्दाचा विचार करत होते.

डोंगराचा रस्ता वळणावळणाने चढत होता. अर्ध्यावर कानात दडे बसले, मग सुटले. वर हवा विरळ, ऊन कडक आणि सावलीत मात्र थंडी. इतक्या उंचावर द्राक्षं लावणारा माणूस वेडा असतो असं सगळे म्हणत असताना भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, इथे टप्प्याटप्प्याने वेली लावल्या होत्या. भाऊजी जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ही वाइनरी ताईच्या नाकावर चालली होती. नाकावर म्हणजे अक्षरशः. दर सोमवारी ताई पेला घेऊन तळघरात उतरायची, प्रत्येक पिंपातला घोटभर हुंगायची, चाखायची, आणि पसंत पडलं की पिंपाच्या तोंडावर खडूने एक खूण करायची. त्या खुणेवर गिऱ्हाईक डोळे मिटून माल उचलायचं.

शेवटच्या वळणावर मामांनी गाडीत एक सिगारेट ओढली आणि मग सवयीने घाबरून काचा उघडल्या. गेली तीस वर्षं ताई दारातूनच ओरडायची, "ओढून आलास ना? तिथेच थांब, आधी तोंड धू!"

आज ताई दारात आली, गुडघ्याला हात लावत दोन पायऱ्या उतरली आणि भावाच्या गळ्यात पडली. काहीच बोलली नाही. मामांना भरून आलं. बहीण एवढी खचली असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मागून भाचा म्हणाला, "मामा, बरं झालं आलात. पण मी निर्णय घेतलाय. उद्या सकाळी बुचकाकांच्या हातात कामावरून काढल्याचा कागद ठेवणार. चौतीस वर्षं झाली म्हणून माणूस काहीही करेल आणि आपण बघत बसायचं?"

२

बुचकाका म्हणजे तळघराचे राखणदार. खिशात कायम पिंपाचं एखादं लाकडी बूच असायचं, म्हणून हे नाव. भाऊजींनी त्यांना पोरसवदा असताना कामावर घेतलं होतं. ताईला ते वहिनी म्हणायचे आणि तिच्यासमोर अजूनही टोपी काढायचे.

तळघरात सोळा पिंपं दोन रांगांत आडवी ठेवलेली. फरशी नुकतीच धुतल्यासारखी, आणि तिला किंचित आंबूस वास. तळघर म्हटलं की असा वास यायचाच, असं मामांनी मनाशी म्हटलं आणि तिथे ते चुकले. पण ते पुढे कळायचं होतं.

"हे सातवं," बुचकाका म्हणाले. "मालकांनी स्वतः लावलेल्या सगळ्यात वरच्या टप्प्याचं. याला वहिनींशिवाय कोणी हात लावत नाही. बाकी पंधरांत मी दर तिसऱ्या दिवशी भर घालतो."

"भर म्हणजे?"

"साहेब, इथली हवा कोरडी. लाकडातून वाइन उडत राहते, पातळी खाली जाते. तेवढी जागा वरून भरून काढावी लागते. नाही भरली तर आत हवा शिरते, आणि हवा शिरली की…" बुचकाकांनी वाक्य तिथेच सोडलं.

मामांनी पिंपाचं तोंड न्याहाळलं. इतर पिंपांवर खडूच्या खुणांची रांग होती. सातव्यावर त्या जागी ओल्या फडक्याने पुसलेला स्वच्छ चौकोन. नळ बंद. बूच नीट बसवलेलं.

"बूच काढा."

बुचकाकांनी बूच उपटलं. त्याला खालून तार लावलेली होती आणि तारेच्या आकड्यात जळक्या पट्टीचा काळा तुकडा अडकला होता.

"हे काय?"

"गंधकाची पट्टी. पिंप रिकामं झालं की धुवायचं आणि आत गंधक जाळून बूच मारायचं. नाहीतर दोन दिवसांत आत बुरशी. आम्हा तळघरवाल्यांना रिकामं पिंप तसंच टाकता येत नाही, साहेब. हातच वळत नाहीत."

म्हणजे ज्याने सव्वादोनशे लिटर वाइन गटारात सोडली, त्याने पिंपाची मात्र काळजी घेतली. मामांनी वाकून पिंपात नाक घातलं. आत विझलेल्या मेणबत्तीसारखा वास होता. तारेच्या टोकाशी एक पिवळट थेंब गोठलेला होता. त्यात नख सहज रुतलं. तो खुडून त्यांनी खिशात टाकला.

"बघा बरं, गंधक असंच वास मारतं का?"

बुचकाका वाकले. एकदाच श्वास घेतला. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हो," ते म्हणाले. "असंच."

३

भाच्याने मामांना कचेरीत बसवलं आणि दार लावून घेतलं. त्याला एका जागी बसवत नव्हतं.

"सरळ गोष्ट आहे, मामा. मी म्हटलं होतं, पुढच्या वर्षी स्टीलच्या टाक्या आणू आणि बुचकाकांना विश्रांती देऊ. त्याचा हा राग. मंगळवारी बाहेरचे चाखणारे येणार आहेत, मुद्दाम सातव्यासाठी. नेमकं तेच पिंप ओतलं."

"शनिवारी कोण कुठे होतं?"

"सकाळपासून सगळे वर होतो. गारा येतात म्हणून वेलींवर जाळी बांधत होतो. बुचकाका दोनदा खाली आले, दोर न्यायला आणि पाणी न्यायला. माझी बायको जेवण घ्यायला आली. आई तर गुडघा धरून तिच्या खोलीत पडलेली. संध्याकाळी मी तळघरात गेलो आणि सातव्यावर हात मारला, तर ढोलासारखा आवाज."

"आणि तू? तूही खाली आला होतास."

भाचा थबकला. "तार आणायला गेलो होतो. गावात."

"तार कुठे आहे?"

मामांनी हा प्रश्न अगदी प्रेमाने विचारला होता. भाच्याच्या कपाळावर तेवढ्या थंडीत घाम आला.

"बरं, ऐका. मी एका मोठ्या वाइन कंपनीच्या माणसांना भेटायला गेलो होतो. त्यांना हा डोंगर वीस वर्षांच्या भाड्याने हवाय. आई ऐकत नाही. ती म्हणते, माझं नाक आहे तोवर हा डोंगर आपला. पण नाक किती दिवस पुरणार, मामा? माणूस म्हातारा होतो. तिच्यानंतर आमच्याकडे काय आहे? चार खडूच्या खुणा?"

"म्हणजे सातवं पिंप गेलं तर तुझं काम सोपंच झालं."

"मामा!" भाच्याचा आवाज फाटला. "बाबांचं पिंप होतं ते. मी लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून त्या टप्प्यावर गेलोय. मला डोंगर भाड्याने द्यायचाय, बाबांना गटारात सोडायचं नाहीये."

पोरगा उतावळा होता, पण हे बोलताना त्याचे डोळे भरले होते. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ते उठले. मग दारातून वळून म्हणाले, "तळघराच्या दाराशी एक पाटी टांगलेली आहे. सगळ्यांच्या पाट्या मळलेल्या असतात. ती कोरी करकरीत कशी?"

"त्यावर बायको रोजचं तापमान लिहिते," भाचा म्हणाला. "तिलाच विचारा."

४

सुनेची प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीची दुधाची खोली. काचेच्या नळ्या, एक तराजू, एक खिडकी. अकरा वर्षं ती इथे वाइनची आम्लं मोजत होती आणि अकरा वर्षांत एकदाही सोमवारच्या फेरीत तिच्या हातात पेला आला नव्हता. सासूबाईंच्या मते आकडे वाचून वाइन कळणं म्हणजे पंचांग वाचून पोट भरणं.

"पाटी मी नाही पुसली," ती पटकन म्हणाली आणि आपण काय बोलून गेलो हे कळून तिने जीभ चावली.

"म्हणजे पुसण्यासारखं काहीतरी होतं. बस, बाळ. काय लिहिलं होतंस?"

ती स्टुलावर बसली. हातातली नळी उगाच पुसत राहिली.

"शुक्रवारी तापमान बघायला गेले होते. सातव्याच्या बुचाजवळ मला वेगळा वास आला. हिंमत करून थोडा नमुना काढला. मामा, ती वाइन नव्हती राहिली. आंबून गेली होती. शिरका झाला होता."

मामा सावरून बसले.

"आईंना तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. मी पाटीवर आकडा लिहिला आणि पुढे लिहिलं, 'सातवं आंबलं.' म्हटलं, ज्यांना बघायचं ते बघतील. शनिवारी संध्याकाळी पिंप रिकामं आणि पाटी कोरी."

"हे नवऱ्याला का नाही सांगितलंस?"

"त्यांना आईंविरुद्ध एक काडी हवी होती. मी काडीऐवजी मोळी कशी देऊ?" तिचा आवाज बारीक झाला. "आणि खरं सांगू? मला आधी त्यांचाच संशय आला. मग वाटलं, बुचकाका. आई थंडीत आजारी होत्या तेव्हा सातव्याची भरही त्यांनाच घालावी लागली असेल. भर राहिली म्हणून पिंप आंबलं आणि ते उघडं पडू नये म्हणून…"

मामांनी खिडकीतून टप्प्यांकडे पाहिलं. आता सगळं उलटं झालं होतं. चांगली वाइन कोणी रागाने ओतली नव्हती. मेलेली वाइन कोणीतरी लाजेने पुरली होती. शत्रू शोधायचं काम संपलं आणि लाज कोणाला वाटली हे शोधायचं काम सुरू झालं. हे काम नेहमीच जास्त वाईट असतं.

तेवढ्यात भाचा धावत आला. "चला आत. बुचकाका कबूल झालेत."

५

जेवणाच्या टेबलाभोवती कोणी जेवत नव्हतं. ताई टोकाच्या खुर्चीवर बसली होती. बुचकाका तिच्याकडे न बघता भिंतीशी बोलल्यासारखे बोलत होते.

"भर घालायची माझ्याकडून राहिली. सातवं आंबलं. पाटी वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. मीच ओतलं, मीच धुतलं, गंधक जाळून बूच मारलं. मला उद्या जायला सांगा, मी जाईन."

ताईच्या हातातला पाण्याचा पेला अर्ध्यावर थांबला. मग तो तिने न पिता खाली ठेवला, उठली आणि लंगडत आपल्या खोलीत गेली. दाराचा आवाज आला.

"चला, सुटला प्रश्न," भाचा म्हणाला, पण त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

मामा बुचकाकांना घेऊन परत तळघरात गेले.

"पट्टी कुठून घेतलीत?"

बुचकाकांनी फळीकडे बोट केलं. तिथे पत्र्याचे दोन सारखे डबे होते. मामांनी एक उघडला आणि हातभर अंतरावरूनच त्यांचं नाक चुरचुरलं. काडेपेटीच्या गुलासारखा उग्र दर्प. दुसरा उघडला. त्यातून मधाच्या पोळ्यासारखा मंद वास आला. दोन्ही डब्यांत पिवळ्या पट्ट्या, एकाच मापाच्या.

"या दुसऱ्या?"

"मेणकापडाच्या. पिंपाची फट गळायला लागली की त्यात ठोकतो. मीच कापतो दोन्ही, एकाच पाटावर."

"डब्यांवर काही लिहिलेलं नाही."

"नाक असताना अक्षरं कशाला, साहेब?"

बोलून गेल्यावर बुचकाकांचे ओठ मिटले.

"आणि पेटवताना ज्योत दिसत नाही का? गंधक निळं जळतं, मेण पिवळं."

"पेटवताना कोणी बघत नाही. काडी लावायची, श्वास धरायचा, मान फिरवायची आणि पट्टी आत सोडायची. नाहीतर घसा भाजतो. मालकांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. आम्हाला… सगळ्यांनाच."

मामांनी खिशातून तो पिवळट थेंब काढला आणि बोटांत चुरडून बुचकाकांच्या समोर धरला.

"हे मेण आहे. सातव्या पिंपात गंधक जळलंच नाही. तुम्ही सकाळी हुंगलंत आणि तुम्हाला तिथल्या तिथे कळलं. मी सकाळपर्यंत गंधकाचा वास ओळखत नव्हतो, तरी आता डोळे बांधून दोन डबे वेगळे करीन. तुम्ही चौतीस वर्षं या फळीखाली काढलीत. तुमच्या हातून हा डबा चुकणार नाही. माझ्या भाच्याच्या नाही, सुनेच्या तर नाहीच, तिने बुचाबाहेरून आंबल्याचा वास पकडला. आणि तुम्हीच मला सांगितलंत की सातव्याला तुम्ही भर घालतच नाही. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं, बुचकाका."

बुचकाकांनी दोन्ही डब्यांची झाकणं लावली.

"हा डबा फक्त असाच माणूस चुकेल," मामा हळू म्हणाले, "ज्याला रिकामं पिंप तसंच सोडवत नाही, आणि ज्याला वास येत नाही."

आणि हे बोलता बोलताच त्यांना दारातली ताई आठवली. सिगारेटचा भपकारा सोडणाऱ्या भावाच्या गळ्यात पडलेली आणि एक शब्द न बोललेली ताई. तो दुःखाचा गहिवर आहे असं समजून ते स्वतः गहिवरले होते. एकतीस वर्षांच्या अनुभवाचं असं हसं व्हायला सख्खी बहीणच लागते.

"साहेब," बुचकाकांनी हात जोडले. "तुमच्या पाया पडतो. मी जातो ना. एक माणूस गेला तर काय बिघडतं?"

६

ताईच्या खोलीत टेबलावर फुलदाणी होती. फुलं कधीच सुकली होती आणि पाण्याला कुजका वास सुटला होता. ताई त्या फुलदाणीपासून वीतभर अंतरावर बसली होती. लहानपणी शेजारच्या घरात कोणी शिळं अन्न गरम केलं तरी ही मुलगी नाक मुरडून जेवणावरून उठायची. आई म्हणायची, कार्टी नाकाने कांदे सोलते.

मामांनी आधी खिडकी उघडली. मग दोन्ही डब्यांतली एकेक पट्टी टेबलावर ठेवली.

"ताई, यातली गंधकाची कोणती?"

ताईने पट्ट्यांकडे पाहिलं. एक उचलली, नाकाशी नेली. मग दुसरी. परत पहिली. मग दोन्ही खाली ठेवल्या.

"मी चुकीची जाळली का रे?" तिने विचारलं.

"हो."

"एवढं एक काम तरी नीट केलं असं वाटत होतं मला," ती म्हणाली आणि रडायला लागली. मामांनी तिला आजवर रडताना दोनदाच पाहिलं होतं. ते शेजारी बसले आणि तिचा हात धरून ठेवला. दुसरं काय करायचं हे त्यांना सुचेना.

हळूहळू तिने सांगितलं. थंडीत सतरा दिवस ताप आला होता. तेवढे दिवस सातव्याला भर मिळाली नाही, कारण तिच्याशिवाय हात लावायचा नाही हा तिचाच नियम. ताप उतरला आणि नाक गेलं. आज येईल, उद्या येईल म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. दर सोमवारी पेला नाकाशी न्यायची, जिभेवर जेवढं कळेल तेवढं घ्यायची, बाकी तीस वर्षांच्या आठवणीवर भागवायची. आणि आंबत चाललेल्या सातव्यावर तिने ओळीने खुणा केल्या.

"शनिवारी पाटी वाचली. गुडघा धरत खाली गेले. पेला भरला, हुंगला. काही नाही. पाणी हुंगावं तसं. त्यांचं पिंप माझ्या हाताखाली मेलं आणि मला कळलंसुद्धा नाही. मंगळवारी लोकांसमोर हे उघडं पडलं असतं, तर बुधवारी हा डोंगर कंपनीचा झाला असता. म्हणून पाटी पुसली आणि नळ सोडला."

"आणि बुचकाका?"

ताईने नजर पट्ट्यांकडे वळवली.

"दुपारी ते तुझ्यासमोर तुझा गुन्हा अंगावर घेत होते. तू उठून आलीस."

"मला वाटलं, त्यांना कुठेही काम मिळेल. त्यांच्या हातात कसब आहे. माझ्याकडे नाकाशिवाय दुसरं काय होतं?" तिने पदराने तोंड पुसलं. "असं वाटलं मला. लाज वाटते सांगायला, पण वाटलं."

मामांनी पट्ट्या खिशात टाकल्या.

"मी कोणाला सांगणार नाही, ताई. मला काही फिर्याद लिहायची नाही. पण उद्या सकाळी कागद त्यांच्या हातात पडेल. त्याआधी बोलायचं की नाही, ते तुझं तू ठरव."

"आणि मी नाही बोलले तर?"

"तर मी गाडीत बसून जाईन," मामा म्हणाले, "आणि परत या घरी येणार नाही."

७

सकाळी सगळे तळघरात जमले. पालथ्या पिंपावर भाच्याने कागद ठेवला होता. बुचकाकांनी शेजारी तळघराची किल्ली ठेवली. त्यांनी दाढी केली होती आणि स्वच्छ सदरा घातला होता. सुनेने मान खाली घातली होती. मामा दाराशी उभे होते आणि पायऱ्यांकडे कान लावून होते.

पावलं ऐकू आली. एक पाऊल जड, एक हलकं. ताई उतरली, कागदापाशी गेली आणि तो तिने उलटा ठेवला.

"सातवं मी ओतलं," ती म्हणाली. "ते माझ्या चुकीने आंबलं होतं. मला वास येत नाही. थंडीतल्या तापापासून येत नाही. तेव्हापासूनच्या सगळ्या खुणा पुसा. त्यांना काही अर्थ नाही."

भाचा आईकडे बघत राहिला. त्याच्या मनात होतं ते सगळं एका क्षणात त्याच्या पदरात पडलं होतं आणि त्याला ते घ्यावंसं वाटत नव्हतं. "आई, मला सांगायचंस ना," एवढंच तो म्हणाला.

"तुला सांगितलं असतं तर डोंगर गेला असता. आता जायचा तर जाऊ दे. मंगळवारी येणाऱ्यांना मी स्वतः सांगेन." मग ती बुचकाकांकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांच्यासमोर हात जोडले. "बुचकाका, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. मी बोलू दिलं. मला माफ करा. ती किल्ली उचला."

बुचकाकांनी टोपी काढली. किल्लीला हात लावला नाही.

"वहिनी, खोटं मी माझ्या मनाने बोललो. त्याचं तुमच्यावर काही ओझं नाही. पण बोलताना मला वाटलं होतं, तुम्ही मधेच थांबवाल. मग वाटलं, सगळ्यांसमोर नाही थांबवलं, मागाहून याल. रात्रभर दिवा लावून बसलो होतो."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. "माझ्या खिडकीतून दिसत होता."

मामांना वाटलं, बहिणीने हे एक वाक्य तरी गिळायला हवं होतं. पण खरं बोलायला सुरुवात केली की माणसाला मधे थांबता येत नसावं.

बुचकाकांनी हातातल्या टोपीची कड चाचपली. मग त्यांनी ती डोक्यावर घातली.

"सूनबाई," ते म्हणाले, "अकराव्याला आज भर घालायची आहे. काठापर्यंत भरा, बोटभरही जागा ठेवू नका."

ते पायऱ्या चढून गेले. भाचा त्यांच्या मागे धावला, "काका, थांबा, काका!" आणि त्याचा आवाज वर अंगणातून, मग रस्त्यावरून, आणखी लांबून येत राहिला. तो एकटाच परत आला.

ताई ती किल्ली बघत उभी होती. मग तिने कोपऱ्यातली भर घालायची झारी उचलून सुनेच्या हातात दिली, भिंतीवरची बॅटरी काढली आणि अकराव्या पिंपावर उजेड धरून तिच्यामागे उभी राहिली.